नाक, नदी आणि कंपनी: 'रन' हा शब्द कुठकुठे धावतो

कापडावर छापलेली एक सूचना डोळ्यांसमोर आणा: 'कलर्स आर फास्ट अँड विल नॉट रन.' शाळेत पाठ केलेले अर्थ घेऊन हे वाक्य वाचलं, तर हाती येतं, 'रंग वेगवान आहेत आणि पळणार नाहीत.' प्रत्येक शब्दाचा अर्थ बरोबर, व्याकरणही बरोबर, पण वाक्याला काही अर्थ नाही. सूचनेला सांगायचंय एवढंच, की रंग पक्का आहे, धुतल्यावर जाणार नाही.

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. लांबलचक पारिभाषिक शब्द आला की भाषांतरकार अडत असेल, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. 'फोटोसिंथेसिस' म्हणजे प्रकाशसंश्लेषण; लिहिलं, पुढे गेलं. वेळ जातो तो सेट, गेट, टेक, पुट अशा चिमुकल्या, पहिल्या-दुसऱ्या इयत्तेत शिकवलेल्या शब्दांवर. आणि त्यांतही सर्वांत जास्त 'रन'वर.

हा माझा एकटीचा अनुभव नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची 1989 सालची दुसरी आवृत्ती 20 खंडांची आहे. तीत सर्वांत लांब नोंद होती 'सेट' या शब्दाची: 430 अर्थ, आणि ते समजावायला सुमारे 60,000 शब्द, म्हणजे एका छोट्या पुस्तकाइतका मजकूर. पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या कामात 'रन'ची नोंद नव्यानं लिहिली गेली आणि 'सेट' मागे पडला. पीटर गिलिव्हर या कोशकाराला त्या एका शब्दासाठी सुमारे नऊ महिने लागले. 2011 साली काम पुरं झालं, तेव्हा नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ भरले. नाम म्हणून येणारा 'रन' त्यात धरलेलाच नाही.

645 हा आकडा ऐकून धडकी भरते. म्हणून हे अर्थ मोजतात कसे, ते आधी पाहायला हवं.

या कोशाचा पहिला भाग 1884 साली निघाला आणि पहिली आवृत्ती 1928 साली पूर्ण झाली. संपादक जेम्स मरे यांनी आपल्या बागेत पत्र्याची एक खोली उभारली होती आणि तिला 'स्क्रिप्टोरियम' हे नाव दिलं होतं. भिंतींना कप्पे, आणि कप्प्यांत कागदाच्या चिठ्ठ्या. शेकडो स्वयंसेवक पुस्तकं वाचत, एखादा शब्द ज्या वाक्यात आला असेल ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवत. कोशकार एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या पुढ्यात घेई आणि त्यांचे गठ्ठे पाडत जाई. एक गठ्ठा म्हणजे एक अर्थ. आज चिठ्ठ्यांच्या जागी संगणक आला आहे, पण गठ्ठे पाडायचं काम अजून माणसाचंच आहे.

आपण पाच चिठ्ठ्या घेऊन बघू. पहिलीवर मुलगा 'रन' करतोय. दुसरीवर नदी, तिसरीवर गालांवरून अश्रू, चौथीवर नाक, पाचवीवर नळ. मुलाचा गठ्ठा वेगळा, हे उघड आहे. नदी आणि अश्रू एकत्र ठेवता येतील, कारण दोन्ही द्रव, दोन्ही वाहतात. नाकाचं काय? नाक वाहत नाही, नाकातून काहीतरी वाहतं. अश्रूंच्या वाक्यात वाहणारी वस्तू कर्ता आहे, नाकाच्या वाक्यात जिथून वाहतं ती जागा कर्ता झाली आहे. नळाचंही तेच. मग नाक आणि नळ यांचा एक गठ्ठा, की नदीच्याच गठ्ठ्यात एक उपगठ्ठा? याचं एकच बरोबर उत्तर नाही. एक कोशकार बारीक फरक पाहून वेगळं करतो, दुसरा साम्य पाहून एकत्र बांधतो. त्यामुळे एका कोशात 645 अर्थ असतील तर दुसऱ्यात पन्नास-साठच सापडतात, आणि दोघंही खरे असतात. माणसाच्या शरीरात 206 हाडं असतात त्या चालीवर 'रन'चे 645 अर्थ असतात, असं म्हणता येणार नाही. डोंगराला किती उतार आहेत, असं विचारण्यासारखं ते आहे.

गंमत म्हणजे मराठीनंही नाक आणि नळाच्या बाबतीत अगदी हेच केलंय. 'नाक वाहतंय', 'नळ वाहतोय'. असं बोलताना आपल्याला कधी थांबून विचार करावा लागला नाही.

आता मुळाकडे जाऊ. 'रन' हा जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन ज्यात मोडतात त्या भाषाघराण्यातला शब्द. जुन्या इंग्रजीत 'रिन्नान' असं क्रियापद होतं, आणि स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतलं 'रिन्ना' येऊन त्यात मिसळलं. त्याचा जर्मन भाऊ 'रिनेन' याचा अर्थ आजही वाहणं, झिरपणं असा आहे; दुसरा भाऊ 'रेनेन' म्हणजे धावणं. म्हणजे या शब्दात पायांनी धावणं आणि पाण्यानं वाहणं हे दोन्ही फार आधीपासून एकत्र नांदत होते. शाळेत आपल्याला फक्त पाय दिले गेले, पाणी दिलंच नाही. माझ्या मते 'रन'बद्दलचा निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

कारण पाणी हातात आलं की पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. रंग 'रन' होतो, कारण तो पाण्याबरोबर वाहून शेजारच्या धाग्यांत शिरतो. शाई ओल्या कागदावर 'रन' होते. भांडं काठोकाठ भरून सांडलं तर 'रन ओव्हर'. वाळूच्या घड्याळातली वाळू वरच्या कुपीतून खाली वाहत जाते आणि संपते. ते चित्र समोर ठेवलं की 'टाइम इज रनिंग आउट' हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. विहीर 'रन्स ड्राय' म्हणजे वाहता वाहता कोरडी पडते. माणसाच्या पायांवरून या अर्थांपर्यंत पोचायला ओढाताण करावी लागते, पाण्यावरून सरळ पोचता येतं.

दोन्हींत समान काय आहे? गती, ती अखंड चालू राहणं, आणि एका वाटेनं पुढे जाणं. एवढं धरून ठेवलं की पुढच्या बहुतेक फांद्या यातूनच फुटलेल्या दिसतात.

यंत्रं आली तेव्हा इंग्रजीनं त्यांना हाच शब्द दिला. घड्याळ 'रन' होतं, गिरणी 'रन' होते, आगगाडी रुळांवरून 'रन' होते, आणि आता संगणकावर प्रोग्रॅम 'रन' होतो. पाय नाहीत, पाणी नाही, पण गती अखंड आहे. मग जो यंत्र चालू ठेवतो तो ते यंत्र 'रन' करतो. पुढे यंत्राच्या जागी संस्था आली: 'शी रन्स अ कंपनी'. याचं भाषांतर 'ती कंपनी पळवते' असं केलेलं मी वाचलं आहे. मराठीत त्याचा अर्थ ती कंपनी चोरून नेते असा होतो. करणाऱ्यानं आळस केला नव्हता. त्याला 'रन' म्हणजे पळणं हे पक्कं शिकवलं गेलं होतं, आणि त्यानं ते प्रामाणिकपणे वापरलं.

इथे आपली भाषा काय करते ते पाहण्यासारखं आहे. आपण पळण्याऐवजी चालण्याचं रूपक घेतलं. घड्याळ चालतं, दुकान चालतं, खटला चालतो, नाटक चालतं. कंपनी चालवणारा तो संचालक, गाडी चालवणारा तो चालक. दोन्ही शब्द संस्कृतमधल्या 'चल्' या धातूपासून आले, आणि त्याचा अर्थ हलणं, चालणं. बाजारात जो पैसा फिरतो त्याला आपण 'चलन' म्हणतो. इंग्रजीत त्याला 'करन्सी' म्हणतात आणि तो शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला, त्या 'कुरेरे'चा अर्थ आहे धावणं. बँकेतलं 'करंट अकाउंट' ते आपलं 'चालू खातं'. एकीकडे पैसा धावतो, दुसरीकडे चालतो. रूपक एकच आहे, वेग तेवढा वेगळा. म्हणून 'रन'चा मराठी प्रतिशब्द शोधताना माझा हात हल्ली आधी 'चालणे-चालवणे'कडे जातो, 'पळणे'कडे नंतर.

या 'चालणे-चालवणे' जोडीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. मराठीत आपोआप होणारी क्रिया आणि दुसऱ्याकडून करवलेली क्रिया यांची रूपं वेगळी असतात: चालणे-चालवणे, बसणे-बसवणे, पळणे-पळवणे. जुन्या इंग्रजीतही अशा जोड्या होत्या. धावणं-वाहणं यासाठी एक क्रियापद आणि धावायला-वाहायला लावणं यासाठी दुसरं. काळाच्या ओघात ती दोन्ही झिजून एकच 'रन' झाली. त्यामुळे आज 'द वॉटर इज रनिंग' आणि 'रन द वॉटर' यांत क्रियापद एकच दिसतं, पण पहिल्यात पाणी वाहतंय आणि दुसऱ्यात कुणाला तरी पाणी सोडायला सांगितलंय. कोशातल्या अर्थांचा मोठा भाग या दुहेरी कामामुळे वाढलेला आहे.

अशी एक जुनी जोडी इंग्रजीत आजही शाबूत आहे: 'सिट' आणि 'सेट'. 'सिट' म्हणजे बसणं, 'सेट' म्हणजे मुळात बसवणं. एवढं कळलं की 430 अर्थांचा तो शब्दही बराच नरम पडतो. हिरा कोंदणात 'सेट' करतात, आपण बसवतो. मोडलेलं हाड 'सेट' करतात, आपण हाड बसवतो. घड्याळाचा गजर, कवितेला चाल, सगळीकडे काहीतरी त्याच्या जागी नीट बसवण्याचीच क्रिया आहे. इतका सरळ दुवा असूनही तो शाळेत कुणी दाखवत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

'रन'च्या काही फांद्या गतीपासून फार दूर गेल्या आहेत. 'द रोड रन्स अलाँग द रिव्हर' या वाक्यात काहीही हलत नाही. रस्ता जागच्या जागी आहे. हलते ती आपली नजर, त्या रस्त्याच्या कडेकडेनं. मराठीतही रस्ता नदीच्या काठानं 'जातो' आणि डोंगराची रांग दक्षिणेकडे 'उतरत जाते'. जागेवरून हे काळावर गेलं: नाटक दोन वर्षं 'रन' झालं, करार पाच वर्षं 'रन' होतो. आणि मग पिढ्यांवर: 'इट रन्स इन द फॅमिली', म्हणजे घराण्यात चालत आलेलं. पुन्हा आपलं 'चालत'च.

पत्रकारितेत लेख 'रन' करतात, म्हणजे छापतात. धोका 'रन' करतात, म्हणजे पत्करतात. ताप 'रन' करतात, म्हणजे अंगात ताप असतो.

क्रिकेटचा 'रन' मात्र थोडं थांबून पाहावा असा आहे. दोन फलंदाज खेळपट्टीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावतात आणि त्या धावण्याची मोजणी होते, म्हणून 'रन'. मराठीनं शब्दही तसाच घडवला: धाव, धावा, धावफलक. पण चेंडू सीमेपार गेला की कुणीही न धावता चार धावा मिळतात. धावण्यासाठी बक्षीस म्हणून जे एकक सुरू झालं, ते धावण्यापासून सुटलं आणि नुसतं एकक म्हणून उरलं. शब्दांचे अर्थ कसे बदलतात याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. जुना अर्थ मेलेला नाही, एकेरी धाव अजून पळूनच काढावी लागते. नवा अर्थ त्याच्या शेजारी येऊन बसला. 645 पैकी कितीतरी अर्थ असेच, शेजारी शेजारी येऊन बसलेले आहेत.

निवडणुकीचा 'रन'ही तसाच बोलका. अमेरिकेत उमेदवार पदासाठी 'रन' करतो. ब्रिटनमध्ये तोच उमेदवार 'स्टँड' करतो, म्हणजे उभा राहतो. मराठीतही आपण निवडणुकीला उभेच राहतो. एकीकडे निवडणूक म्हणजे शर्यत, तर दुसरीकडे सगळ्यांसमोर उभं राहून 'मला निवडा' म्हणणं. एकाच घटनेकडे पाहायच्या या दोन नजरा आहेत. एखादी भाषा कोणतं चित्र उचलेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून अर्थ तर्कानं समजतो पण तर्कानं आधी ओळखता येतोच असं नाही. शिकणाऱ्यानं हे मनावर घ्यावं आणि न ओळखता आलेल्या अर्थाबद्दल स्वतःला दोष देऊ नये.

आता त्या छोट्या शेपट्या: आउट, ओव्हर, इनटू, अप, डाउन, थ्रू. 'रन'ला या लागल्या की अर्थ झपाट्यानं बदलतो. 'रन ओव्हर'चीच चार वाक्यं घ्या. गाडी कुत्र्यावर 'रन ओव्हर' झाली, म्हणजे अंगावरून गेली. पाणी बादलीच्या काठावर 'रन ओव्हर' झालं, म्हणजे ओसंडलं. बैठक 'रन ओव्हर' झाली, म्हणजे ठरल्या वेळेपेक्षा लांबली. आणि परीक्षेआधी टिपणं 'रन ओव्हर' केली, म्हणजे त्यांवरून भरभर नजर फिरवली. नीट पाहिलं तर चारही ठिकाणी 'रन' फारसा बदललेला नाही, काहीतरी वाटेनं पुढे जातंय एवढंच. बदललाय तो 'ओव्हर': अंगावरून, काठावरून, मर्यादेपलीकडे, पृष्ठभागावरून. मला हे उशिरा कळलं, आणि कळल्यावर कामाची पद्धतच बदलली. अशा जोड्यांमध्ये क्रियापदाकडे टक लावून बसण्यापेक्षा शेपटीकडे बघितलेलं बरं. 'रन इनटू'चंही तसंच. झाडाला, मित्राला, अडचणीला, कोटींच्या खर्चाला, सगळ्यांना 'रन इनटू' होता येतं: आदळणं, अचानक भेटणं, सापडणं, जाऊन पोचणं. समोर काय आलं यावर ठरतं.

इथपर्यंत जे पाहिलं ते एकाच शब्दाचे अनेक अर्थ. याला अनेकार्थता म्हणतात. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी 1897 साली त्यासाठी 'पॉलिसेमी' हा शब्द रूढ केला. पण कधीकधी दोन वेगळे शब्द योगायोगानं एकसारखे दिसू लागतात, तो प्रकार निराळा. 'पेन'चं उदाहरण चांगलं आहे. लिहायचं पेन हे लॅटिन 'पेन्ना'वरून आलं आणि त्याचा अर्थ पीस, कारण पूर्वी पिसानं लिहीत. गुरं कोंडायचं कुंपण म्हणजे 'पेन' हा मूळ जुन्या इंग्रजीतला वेगळाच शब्द. दोघांचं काही नातं नाही. 'बँक'बद्दलही पैशांची बँक आणि नदीचा किनारा हे असेच परके असल्याचं सर्रास सांगितलं जातं. ते तितकं खरं नाही. पैशांची बँक इटालियन 'बांका'वरून, म्हणजे सावकाराच्या बाकावरून आली, किनारा स्कँडिनेव्हियाकडून आला, पण दोन्हींचं फार जुनं मूळ एकाच जर्मानिक शब्दात आहे. दूर गेलेले चुलत भाऊ म्हणा.

आणि 'फास्ट'? तो मुळात 'घट्ट, पक्का' याच अर्थाचा. कापडावरच्या सूचनेतला अर्थ जुना, वेगाचा अर्थ नंतरचा. घट्टपणे, म्हणजे जोर लावून धावणं, यातून 'जोरात' आणि मग 'वेगानं' असा तो सरकत गेला. मराठीतला 'जोरात' हा शब्दही ताकद आणि वेग या दोन्हींसाठी चालतो, त्यामुळे ही वाट आपल्याला अनोळखी वाटू नये.

एवढे अर्थ असताना बोलणाऱ्याचा गोंधळ कसा होत नाही? याचं उत्तर आपल्या परंपरेत फार पूर्वी दिलं गेलं आहे. अमरकोशात अनेकार्थी शब्दांसाठी 'नानार्थवर्ग' असा वेगळा वर्गच आहे. त्यात 'हरि' या एका शब्दाला विष्णू, इंद्र, सूर्य, चंद्र, वारा, सिंह, घोडा, माकड, पोपट, साप, बेडूक असे अर्थ दिलेत. यांतला नेमका कोणता घ्यायचा, याची साधनं भर्तृहरी या वैयाकरणानं एकेक करून सांगितली. त्यांत संयोग आहे, म्हणजे जोडलेली वस्तू; साहचर्य आहे, म्हणजे सोबतीला आलेला शब्द; प्रकरण आहे, म्हणजे प्रसंग. शंख-चक्र असलेला हरि म्हटलं की तो विष्णूच, तिथे बेडूक येत नाही. 'सैंधव आण' असं जेवताना म्हटलं तर मीठ आणायचं, प्रवासाला निघताना म्हटलं तर घोडा. शब्द तोच, प्रसंगानं अर्थ निवडला. विसाव्या शतकात इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी शब्द त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा असं मांडलं, तेव्हा ते साहचर्याचंच तत्त्व सांगत होते.

डोक्यात हे किती झटकन होतं, ते मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांच्या 1979 सालच्या प्रयोगांत दिसलं. त्यांनी 'बग' हा शब्द असलेली वाक्यं लोकांना ऐकवली. 'बग' म्हणजे किडा, आणि चोरून ऐकण्याचं यंत्रही. वाक्यातून किड्याचा अर्थ स्पष्ट असतानाही शब्द ऐकल्याच्या क्षणी दोन्ही अर्थ जागे होत होते. दोन-तीन अक्षरं पुढे जाईपर्यंत नको असलेला अर्थ विझलेला असे. आपल्याला हे घडल्याचं कळतसुद्धा नाही.

यंत्रांना मात्र हे फार जड गेलं. 1960 साली तत्त्वज्ञ येहोशुआ बार-हिलेल यांनी यंत्रानुवादाच्या मर्यादा दाखवायला एक साधं वाक्य घेतलं: 'द बॉक्स वॉज इन द पेन.' मुलगा आपली खेळण्यांची पेटी शोधतोय, आणि ती 'पेन'मध्ये सापडते. पेटी लेखणीत मावत नाही, म्हणजे इथे 'पेन' हे मुलाला खेळायला केलेलं कुंपण, हे आपल्याला लगेच कळतं. पण ते व्याकरणातून कळत नाही. पेटी, लेखणी आणि कुंपण यांचे आकार आपल्याला ठाऊक आहेत म्हणून कळतं. शब्दाचा अर्थ निवडायला शब्दांच्या बाहेरचं जग माहीत असावं लागतं, हा त्यांचा मुद्दा होता. आजची यंत्रं अब्जावधी वाक्यांतली सोबत पाहून हे काम पुष्कळ चांगलं करतात. ती ज्यावर उभी आहेत, ते तत्त्वही साहचर्याचंच आहे.

छोट्या शब्दांनाच इतके अर्थ का, यालाही उत्तर आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज किंग्जली झिफ यांनी 1945 साली दाखवलं, की शब्द जितका जास्त वापरला जातो तितके त्याचे अर्थ जास्त. ढोबळमानानं वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. नवी गोष्ट समोर आली की माणूस नवा शब्द घडवत बसत नाही, हाताशी असलेला शब्द पुढे करतो. आणि हाताशी असतात ते रोजचे शब्द.

आता आपल्या 'लागणे'कडे बघा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, वेड लागतं, नोकरी लागते, निकाल लागतो, फोन लागतो, वाटेत गाव लागतं, दार आपोआप लागतं, वेळ लागतो, मुलगा रडू लागतो, मला जावं लागतं, आणि मी तुझा कोण लागतो. परभाषिक माणसाला हे शिकवायचं झालं तर तोही 645 म्हणूनच हात टेकेल. आपण मात्र यांतला एकही अर्थ पाठ केलेला नाही. आधी वाक्यं कानावर पडली, अर्थ त्यांतून उतरला. दोन गोष्टींचा संपर्क होणं, हे या सगळ्याच्या मुळाशी आहे, असं नीट पाहिलं तर दिसतं. पण ते न पाहताही आपलं कधी अडलं नाही.

'रन' शिकायचा असेल तर तोच रस्ता. सुटा शब्द आणि त्यापुढे अर्थांची माळ असं वहीत लिहू नका, पूर्ण वाक्य लिहा. कोश उघडलात तर तो कोणत्या क्रमानं अर्थ देतो ते बघा. ऐतिहासिक कोश सर्वांत जुना अर्थ आधी देतात, शिकणाऱ्यांसाठीचे कोश सहसा सर्वांत वापरातला. पहिल्या अर्थावर थांबायची सवय ऐतिहासिक कोशात हमखास दगा देते. आणि अर्थ अडला की आधी कर्ता पाहा: पाय असलेला आहे, पाणी आहे, यंत्र आहे, की जागच्या जागी पसरलेलं काही? मग पुढे कर्म आहे का ते पाहा. असेल तर 'चालवणे'च्या दिशेनं जा. शेवटी शेपटी.

करून बघू. 'द लीज हॅज टू इयर्स टू रन.' कर्ता भाडेपट्टा. पाय नाहीत, पाणी नाही, यंत्रही नाही; काळात पसरलेली वस्तू, नाटकासारखी. 'टू इयर्स' हे कर्म नव्हे, ती लांबी आहे, तेव्हा चालवणं नाही, चालणं. शेपटी नाही. भाडेपट्टा अजून दोन वर्षं चालायचा आहे. आणि बोलताना आपण म्हणू: 'भाडेपट्ट्याची अजून दोन वर्षं बाकी आहेत.'